गाय चिकन खाते का? पेपरातल्या प्राण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत एका मराठी दैनिकात मी एकवीस वर्षं रात्रपाळीचा उपसंपादक होतो. राजकारण, अपघात, पंचायतीची भांडणं, उद्या वीज कुठे जाणार, हे सगळं लावून झालं की पान सातच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट उरायची. ती भरायला मी प्राणी घ्यायचो. आता निवृत्त होऊन डिचोलीत असतो. सकाळी बाजारात पातळभाजी-पाव खायला बसलो की ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी पाव गार होतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

कळंगुटच्या गायी खरंच चिकन खायला लागल्या होत्या?

हा पहिला प्रश्न, आणि तो बाहेरून आलेले पाहुणेही विचारतात. गोष्ट ऑक्टोबर २०१९ ची. तेव्हाचे कचरा व्यवस्थापन मंत्री मायकल लोबो (कळंगुटचे आमदारही तेच) यांनी जाहीरपणे सांगितलं की कळंगुट-कांदोळी भागातली ७६ मोकाट गुरं मयेच्या गोशाळेत नेली, पण ती चाऱ्याला तोंड लावत नाहीत. रेस्टॉरंटांबाहेर टाकलेलं चिकन आणि तळलेली मासळी खाऊन खाऊन ती मांसाहारी झाली आहेत. पशुवैद्यांचे उपचार चालू आहेत आणि चार-पाच दिवसांत ती पुन्हा शाकाहारी होतील.

चार-पाच दिवस! आमच्याकडे श्रावण पाळणारा माणूस महिनाभर कॅलेंडरवर रेघा मारत असतो आणि चवथ उरकली की सकाळी सहाला मासळी बाजारात उभा असतो. गाय चार दिवसांत सुधारते म्हणजे तिचा निग्रह मानला पाहिजे.

आता गंभीरपणे. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. जीभ लांब काढायची, घासाला वेढा घालायचा, ओढायचं आणि गिळायचं. चावणं नंतर, सावलीत बसून. त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीतला बिर्याणीचा भात खाताना त्यातली तंगडी निवडून बाजूला ठेवणं तिला जमत नाही. ती पिशवीही खाते, हे आपण रोज बघतो. त्यात अंगात फॉस्फरस कमी पडला की गुरं हाडं चघळतात. गुराख्यांना हे ठाऊक असतं, त्यांना त्याची बातमी वाटत नाही.

शिवाय गाईला मांस भरवण्याचं काम माणसाने आधीच करून ठेवलेलं आहे. ब्रिटनमध्ये गुरांच्या खाद्यात मांस आणि हाडांची भुकटी सर्रास घालत. १९८६ साली तिथे 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला आणि १९८८ मध्ये ती भुकटी गुरांना घालायला बंदी आली. त्यामानाने कळंगुटच्या गायींनी फार काही केलं नव्हतं. त्या दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने जेवत होत्या इतकंच.

गोव्यातून निघालेली सगळ्यात जुनी विचित्र प्राणी-बातमी कोणती?

माझ्या मते गेंड्याची. ही मी चौकटीत तीन वेळा लावली आणि तिन्ही वेळा जागा कमी पडली, म्हणून इथे ऐसपैस सांगतो.

पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकेर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. १५१४ साली त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे परवानगी मागायला वकील पाठवले. सुलतानाने किल्ला दिला नाही. गेंडा दिला. सरकारी कार्यालयात एका कामासाठी गेलेल्या माणसाला दुसराच कागद हातात देऊन परत पाठवायची पद्धत किती जुनी आहे बघा.

गेंडा गोव्यात आला. आता त्याचं करायचं काय? आल्बुकेर्कने आपल्याकडे आलेली भेट वर सरकवायचं ठरवलं आणि जानेवारी १५१५ मध्ये तो जहाजावर चढवून राजा मानुएलकडे रवाना केला. २० मे रोजी जहाज लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी बघितला नव्हता. राजाने जुन्या ग्रंथात वाचलेलं होतं की गेंडा आणि हत्ती जन्माचे वैरी. ३ जूनला त्याने दोघांना समोरासमोर आणलं. गेंडा सावकाश पुढे आला आणि हत्तीने ठोकली धूम.

याची पत्रं, त्याबरोबर एक कच्चं रेखाटन, जर्मनीत न्यूरेंबर्गला पोहोचलं. तिथे आल्ब्रेख्त ड्युरर नावाचा मोठा चित्रकार होता. त्याने गेंडा बघितलेला नव्हता, पुढे कधी बघितलाही नाही. तरी त्याने लाकडी ठशावर चित्र काढलं. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पत्र्यांच्या कडेला खिळे मारल्यासारखे ठिपके, पायांवर खवले. आणि खांद्यापाशी, पाठीवर, आणखी एक छोटं शिंग. हे चित्र इतकं खपलं की पुढच्या कित्येक पिढ्या युरोपात गेंडा म्हणजे हाच.

मला ते पाठीवरचं शिंग फार आवडतं. न बघता लिहिलेल्या प्रत्येक बातमीत ते असतं. डेस्कवर आमच्यात तो शब्दच पडला होता: 'मजकूर बरा आहे, फक्त पाठीवरचं शिंग काढ.'

गेंड्याचं पुढे काय झालं म्हणाल तर राजाने तोही पुढे सरकवला, पोपला भेट म्हणून. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं, पण हा साखळदंडाने डेकला बांधलेला होता.

उंदीर गांजा खातात का? दारू पितात का?

पोलीस ठाण्यात असले तर दोन्ही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मथुरेच्या न्यायालयात पोलिसांनी सांगितलं की दोन ठाण्यांतला मिळून ५८१ किलो जप्त गांजा उंदरांनी खाल्ला. त्याआधी २०१७ मध्ये बिहारात, दारूबंदी येऊन वर्ष होतं न होतं तोच, ठाण्यांत साठवलेली जप्त दारू उंदरांनी संपवल्याची बातमी आली. २०१८ मध्ये अर्जेंटिनात पिलार नावाच्या गावी अर्धा टन गांजा असाच उंदरांच्या नावावर मांडला गेला. तिथले तज्ज्ञ म्हणाले, उंदीर गांजाला अन्न समजत नाहीत, आणि एवढा खाल्ला असता तर गोदामात मेलेले उंदीर सापडले असते. पोलिसांच्या नोकऱ्या गेल्या.

मी डेस्कवर कॅल्क्युलेटर ठेवत असे, तो अशा बातम्यांसाठी. उंदीर दिवसाला साधारण २५ ग्रॅम खातो असं धरा. ५८१ किलो म्हणजे शंभर उंदरांचं साडेसात महिन्यांचं दोन वेळचं जेवण, तेही दुसऱ्या कशाला तोंड न लावता. एवढा वेळ शंभर उंदीर ठाण्यात जेवत असताना हवालदाराला ऐकू आलं नाही?

गोव्यात उंदरांवर दारूचा आळ आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. इथे प्यायला कोणाला उंदराचं नाव पुढे करावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये काजूचा हुर्राक निघाला की लोक आपणहून सांगतात.

गोव्यात मोराला उपद्रवी ठरवणार होते, ही अफवा ना?

नाही, अफवा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी सांगितलं होतं की माकडं, रानडुक्कर, गवे यांच्याबरोबर मोरही शेतीची नासधूस करतात अशा तक्रारी आहेत आणि त्यांना उपद्रवी ठरवता येईल का यावर विचार चालू आहे. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. गवा तर गोव्याचा राज्य प्राणी! देशभर हसं झालं आणि मोर वाचला.

त्याच सुमारास आमच्या सरकारने कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून नारळाला वगळलं होतं, हे लक्षात असेल. २०१७ मध्ये नारळ पुन्हा झाड झाला. म्हणजे वर्षभर आमच्याकडे माड झाड नव्हता आणि मोराचंही काही खरं नव्हतं.

पण हसणाऱ्यांत बहुतेक शहरातले होते, हेही सांगून ठेवतो. माझ्या मावसभावाची सत्तरी तालुक्यात मिरची आणि भाजी होती. पहाटे साडेपाचला सात-आठ मोर उतरायचे आणि कोवळे शेंडे एकेक करून असे खुडायचे, जणू म्हापशाच्या बाजारात बाई भेंडी निवडते आहे. तो पत्र्याचा डबा बडवत धावायचा. मोर चार पावलं सरकून उभे राहायचे. पिसारा वगैरे काही फुलवायचे नाहीत, त्याच्यासाठी कशाला फुलवतील?

कबुतराला खरंच हेर म्हणून पकडतात?

पकडतात आणि डांबूनही ठेवतात. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरला बंदराजवळ एक कबुतर सापडलं. पायात दोन कड्या, पंखांवर चिनी वाटावी अशी अक्षरं. हेरगिरीचा संशय. त्याला परळच्या जनावरांच्या इस्पितळात ठेवलं. चौकशीअंती कळलं की ते तैवानमधलं शर्यतीचं कबुतर, वाट चुकलेलं. ३० जानेवारी २०२४ ला सोडलं. आठ महिने. जामिनासाठी कोणी उभं राहिलं नाही.

या बातमीत कबुतर सोडून सगळे बोललेले आहेत. ही माझी नेहमीची कसोटी: बातमीत बोलतो कोण ते बघायचं. गायींच्या बातमीत मंत्री, उंदरांच्या बातमीत पोलीस. ज्याच्यावर आळ आहे त्याची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला बिबटा आमच्याच वाड्यावरचा आहे हे कसं ओळखायचं?

आधी माती बघा. तांबडी नसेल तर बिबटा आपला नव्हे. मग गडगा बघा: चिऱ्याचा आहे की काळ्या दगडाचा? मागे उभ्या गाडीची पाटी जीए आहे का? दुकानाच्या फलकावर लिपी कोणती? आणि पाठवणाऱ्याला विचारा, तू बघितलास का? तो म्हणेल, मला मेव्हण्याने पाठवला. मेव्हण्याला विचारा. चौथ्या मेव्हण्यापाशी बिबटा कर्नाटकात पोहोचलेला असतो.

२०२० च्या टाळेबंदीत व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. ते डॉल्फिन सार्डिनिया बेटावरच्या बंदरातले होते. माझ्या भाचीने तो मला कौतुकाने दाखवला. तिचं घर वेरेंला, जिथून सिकेरीच्या बाजूचे खरे डॉल्फिन बघायला होडीवाले रोज पर्यटक नेतात. आपल्या दारातला डॉल्फिन कोणी फॉरवर्ड करत नाही.

तो फुटबॉलचा ऑक्टोपस खरा होता की लबाडी?

खरा. पॉल, जर्मनीत ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात. २०१० च्या विश्वचषकात दोन डबे, दोन झेंडे, आत शिंपले. जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, आठपैकी आठ बरोबर. नाणं उडवून आठ वेळा बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगभरात त्या महिन्यात किती पोपट, माकडं आणि मांजरं भाकितं करत होती ते बघितलं तर एखाद्याचं जुळायचंच होतं. बाकीच्यांचं चुकलं म्हणून त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ऑक्टोबरमध्ये पॉल वारला. आमच्याकडे त्याच्या चुलत घराण्यातल्या माणकीला (स्क्विडला) भाकीत सांगायची संधीच मिळत नाही, त्याआधी रवा लावून तव्यावर पडते.

मांजराला सरकारी नोकरी मिळते म्हणे?

लंडनला मिळते. लॅरी नावाचा बोका २०११ पासून पंतप्रधानांच्या निवासस्थानी उंदीर मारायच्या हुद्द्यावर आहे. कॅमेरन यांच्यापासून स्टार्मर यांच्यापर्यंत सहा पंतप्रधानांशी त्याने जमवून घेतलं. एडिनबरोच्या प्राणिसंग्रहालयातला निल्स ओलाव्ह नावाचा पेंग्विन तर नॉर्वेच्या राजरक्षक दलात आहे. २०२३ मध्ये मेजर जनरल झाला. बढती वेळेवर मिळालेला एवढा एकच नोकरदार मला माहीत आहे.

पूर्वी प्राण्यांवर खटले भरत, हे खरं?

खरं, आणि रीतसर. १३८६ साली फ्रान्समध्ये फालेज इथे एका डुकरिणीला मूल मारल्याबद्दल माणसाचे कपडे घालून फाशी दिलं. १४७४ साली बाझेलला एका कोंबड्याने अंडं घातलं म्हणून त्याला अंड्यासकट जाळलं. बिचारी बहुधा कोंबडीच असणार. कोंबडीचं बीजाशय बिघडलं की तिला तुरा आणि पिसं कोंबड्यासारखी येतात. आपल्याकडे कोंबडी आरवली की म्हाताऱ्या 'अपशकुन' म्हणायच्या आणि संध्याकाळी तिची शागुती व्हायची. निकाल तोच, फक्त खोबरं भाजून.

यातला माझा आवडता माणूस बार्तेलेमी शासने. सोळाव्या शतकातला फ्रेंच वकील. धान्य खाल्ल्याबद्दल उंदरांवर खटला झाला, त्यात तो उंदरांच्या बाजूने उभा राहिला. उंदीर तारखेला आले नाहीत. याने सांगितलं, माझे अशील यायला तयार आहेत, पण वाटेत मांजरं आहेत, त्यांच्या जिवाची हमी द्या. मथुरेत असा वकील कोणी लावला असता तर!

ऑस्ट्रेलिया पक्ष्यांशी युद्ध हरली?

नोव्हेंबर १९३२. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतात सुमारे वीस हजार इमू उतरले. लष्कराचा एक मेजर, दोन लुईस मशीनगन, दहा हजार गोळ्या. इमू पांगून पळायचे. महिनाभराने लष्कर परतलं, इमू तिथेच. आपल्याकडे इमूपालनात पैसे घालून बसलेल्यांना हे सांगायला नको. त्यांनाही इमूने हरवलं, एकही गोळी न झाडता.

मगरीची पूजा करणाऱ्या गावाबद्दल तुम्ही कधी लिहिलं नाही?

लिहिलं, पण त्या चौकटीत नाही. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, चिखलाची मगर करून पुजतात, तिला मानगे थापणी म्हणतात. बाहेरच्या वाचकाला ती गंमत वाटते. पण शेजारी कुंभारजुव्याचा कालवा आहे आणि त्यात खरोखरच्या मगरी आहेत, गोड्या पाण्याच्या जातीच्या असून खाऱ्या-मचूळ पाण्यात रुळलेल्या. ज्यांना बांध घालायला आणि मासे धरायला रोज त्याच पाण्यात उतरायचं आहे, त्यांनी शेजाऱ्याला वर्षातून एकदा मान दिला तर त्यात विचित्र काय?

कुठल्या बातमीवर विनोद केला नाही?

जानेवारी २०२०, म्हादई अभयारण्य, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं, विषाने मेलेली.

तुमची स्वतःची चुकलेली बातमी?

हा प्रश्न बाजारात सगळ्यांना माहीत असूनही विचारतात.

नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. रात्री अकराला फोनवरून बातमी आली की एका गावच्या बाजारात 'बायसन' शिरला. आपल्याकडचे इंग्रजी पेपर गव्याला बायसन म्हणतात. मी लिहिलं, 'गव्या रेड्याचा बाजारात धुमाकूळ, नागरिक भयभीत'. नागरिक भयभीत आहेत असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं पाठीवरचं शिंग.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक शेतकरी ऑफिसात आला. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात काथ्याचं दावं, मधोमध ताजं तुटलेलं. ते त्याने माझ्या टेबलावर प्रुफांवर ठेवलं. दाव्याला शेणाचा वास होता आणि तुटल्या टोकाला चार-पाच काळे राठ केस अडकलेले होते. म्हणाला, "बाब, हो म्हजो रेडो. रानांतलो न्हय." रेड्याने दावं तोडलं, बाजारात गेला, एका बाईच्या टोपलीतल्या तांबड्या भाजीच्या तीन जुड्या खाल्ल्या आणि आपल्या पायांनी घरी आला. जुड्यांचे पैसे त्याने दिले होते. त्याला पैसे नको होते, माफी नको होती. त्याचं म्हणणं एकच, रेडा रानटी नाही, त्याला नाव आहे आणि ते छापा. एकवीस वर्षांत प्राण्याची बाजू मांडायला ऑफिसात आलेला तो एकटा.

पुढे २००९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या दोघांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं, नावाने हाक मारलेल्या गाई बिननावाच्या गाईंपेक्षा जास्त दूध देतात हे दाखवल्याबद्दल. ती बातमी मी मुद्दाम मोठी लावली.

मग दुरुस्ती छापली की नाही?

छापली. पान सात, चार ओळी. 'सदर रेडा पाळीव असून त्याचे नाव काळा असे आहे.' नाव बाळा होतं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.